बदल करू नये

आनंदाकाकांनी आयुष्यात काही म्हणता काही जपून ठेवलं नाही, असं त्यांची बायको हौसा सगळ्यांना सांगायची. ती हे गाऱ्हाणं म्हणून सांगायची. बिल्कीसला त्यात थोरवी दिसायची. ती मराठी साहित्य घेऊन नुकतीच बी.ए. झाली होती आणि थोरवी दिसायला तिला फारसं काही लागत नसे.

आनंदाकाका बोटींचे चेहरे रंगवत. मासेमारीच्या बोटीची पुढची निमुळती बाजू म्हणजे नाळ. नाळेच्या दोन्ही अंगांना ते एकेक डोळा काढत, त्यावर भुवई, खाली गालासारखी फुगलेली लाट. राहायचे पनवेलच्या कोळीवाड्यात. पण पनवेलच्या खाडीत आता रंगवण्याजोग्या बोटी फारशा उरल्या नव्हत्या. म्हणून नारळी पौर्णिमा जवळ आली, बोटी अजून किनाऱ्यावर ओढलेल्या असल्या, की ते डबे पिशवीत घालून उरणची एसटी धरत आणि करंजाच्या बंदरात मुक्काम ठोकत.

ते डबे बिल्कीसच्या वडिलांच्या दुकानातून जात. अलीभाईंचं रंगाचं दुकान पनवेलमध्येच, उरण नाक्याजवळ होतं. शिक्षकभरतीची जाहिरात निघेपर्यंत बिल्कीस तिथे गल्ल्यावर बसायची. जाहिरात काही निघत नव्हती. आनंदाकाका स्टुलावर बसून शेडकार्डाच्या कोऱ्या पाठीवर डोळे काढत. उरणकडचे रंगारी दुकानात आले, की त्यातला एखादा पसंत करून, घडी घालून खिशात टाकत. काका एवढंच म्हणत, "घे. पन बदल."

हा बंदराचा रिवाज होता. चित्र कुणाचंही घ्यावं, पण जसंच्या तसं काढू नये. भुवई वर न्यावी, बुबुळाचा रंग फिरवावा, काहीतरी करावं. एका बंदरात एका चेहऱ्याच्या दोन बोटी नसाव्यात. यामागे देवाधर्माचं काही नव्हतं. बोट परत येते तेव्हा धक्क्यावर बसलेल्या बायकांना तिचं नाव वाचता येण्याच्या कितीतरी आधी तिचा चेहरा दिसतो. आपला चेहरा दिसला, की आपलं माणूस आलं. मग कुणी बर्फाला पळतं, कुणी टोपली उचलतं.

दोन हजार बारा साली काकांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी तो आधी रंगाचा दोष मानला आणि अलीभाईंशी दोनदा भांडले. मग डॉक्टरने सांगितलं. ऑपरेशन होईपर्यंत आणि झाल्यावरही काही दिवस ब्रश धरायचा नव्हता. त्या पावसाळ्यात काका पहिल्यांदा नुसते बसून राहिले, आणि बसल्याबसल्या त्यांच्या ध्यानात आलं, की डोळे मागायला अलीकडे कुणी येतच नाही. पोरं जासईला कंटेनरच्या यार्डात लागली होती. नव्या फायबरच्या बोटींना छापील स्टिकर मिळत. रंगारी म्हणून उरला होता तो एकटा कुंदन, करंजाचा, काकांच्या बहिणीचा मुलगा.

"वाटून टाकाचं हाय सगलं," काका म्हणाले, "पन घेनारा कुठं हाय?"

बिल्कीसच्या घरी संगणक होता. भाऊ मुआजने दोह्याहून पैसे पाठवून घ्यायला लावलेला. तिने काकांची शेडकार्डं एकेक करून कॅमेऱ्याने टिपली आणि म्हणाली, की आपण ही इंटरनेटवर ठेवू, म्हणजे घेणारा कुठलाही असला तरी त्याला मिळतील. काकांना हे पटलं. एवढी सोय असताना हौसाने इतकी वर्षं ती कार्डं पलंगाखाली का ठेवू दिली, असं उलट तेच हौसाला विचारून आले.

अडचण पुढे आली. बिल्कीसने वाचलं, की काहीच न लिहिता चित्र टाकलं, तर कायद्याने त्याचे सगळे हक्क चित्रकाराकडेच राहतात. दुसऱ्या कुणाला ते वापरता येत नाही.

"मंग वाटलं कसं?" काकांनी विचारलं.

वाटायचं असेल तर तसा परवाना द्यावा लागतो, तिने सांगितलं. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने असतात, त्यातला एक निवडायचा. आयुष्यभर फुकट वाटत आलेल्या माणसाला फुकट वाटायची आता रीतसर व्यवस्था करावी लागणार होती. काकांनी अलीभाईंकडे पाहिलं. अलीभाई म्हणाले, "जमाना आहे आनंदा. खैरात करायलाही आता सही लागते."

मग बिल्कीस एकेक प्रश्न वाचून दाखवू लागली. चित्राखाली नाव लावायचं का? काकांना त्याची गरज वाटेना. बोटीवर रंगाऱ्याचं नाव नसतं, मालकाचं असतं. पण नाव सांगणं ही अट तिथल्या सगळ्याच परवान्यांत होती. बरं, म्हणाले, असू दे.

धंद्यासाठी वापरू द्यायचं का? इथे बिल्कीस सावध झाली. कलावंतांची कशी पिळवणूक होते, यावर तिने तिसऱ्या वर्षाला निबंध लिहिला होता. तिने काकांना समजावलं, की उद्या एखादी कंपनी तुमचा डोळा टीशर्टवर छापेल आणि तुम्हाला विचारणारही नाही.

"बोट काय लोक हौसेला काढतात?" काका म्हणाले. "धंद्यालाच काढतात ना? मंग धंद्याला नको म्हनलं तर डोला लावाचा कशाला?"

"पण टीशर्ट, काका."

"घालू दे. अंग तर झाकल."

बिल्कीस थक्क झाली. असं औदार्य तिने पुस्तकातच वाचलं होतं. शेवटचा प्रश्न तर तिने नावापुरताच विचारला. चित्रात बदल करू द्यायचा का? 'घे, पन बदल' म्हणणाऱ्या माणसाचं उत्तर तिला माहीत होतं. तिचं बोट हो वर टेकलंच होतं.

काका म्हणाले, "थांब."

ते उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. आले तेव्हा उत्तर घेऊन आले. बदल करू द्यायचा नाही.

त्यांचं म्हणणं असं, की आपला माणूस बदल करतो तो जाणून करतो. भुवई हलवेल, रंग फिरवेल, पण डोळा मागे नाही वळवणार. डोळा नेहमी पुढे, दर्याकडे. मागे बघणारी बोट म्हणजे घरी काही राहिलंय असं वाटणारी बोट, ती काय मासळी आणणार. आता हे परदेशातल्या माणसाला कोण सांगणार? तो बसेल कुठेही वळवत. तेव्हा परक्यांसाठी अट हवी.

"आणि आपल्या लोकांचं काय? कुंदनचं?"

"आपले कशाला वाचतील?" काका म्हणाले. "त्यांना म्हाईत हाय."

बिल्कीसला हे उत्तर आधीच्या औदार्यापेक्षाही आवडलं. सगळं देईन पण माझ्या रेषेला हात लावू देणार नाही. कलावंताचा पीळ म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं. तिने नाही वर टिचकी मारली. परवान्याची खूण इंग्रजीत उमटली, म्हणून तिने तिच्याखाली आपल्या मराठीत चार वाक्यं लिहिली. ती लिहिताना तिने बराच जीव ओतला. 'ही चित्रे कोणीही घ्यावीत. धंद्यासाठीही वापरावीत. चित्रकाराचे नाव सांगावे. चित्रात बदल करू नये.' शेवटचं वाक्य तिला विशेष जमल्यासारखं वाटलं. त्यात वजन होतं.

जग काही लगेच धावून आलं नाही. सावकाश आलं. पुण्याच्या एका हॉटेलाने काकांनी काढलेला पापलेटचा डोळा मेनूकार्डावर छापला, कोलंबीच्या रकान्यात. तो मागे वळलेला होता आणि नाव कुठेच नव्हतं. बिल्कीसने कडक मेल लिहिली. उत्तरात हसरा चेहरा आला आणि दहा टक्के सवलतीचं कूपन. मग फिनलंडमधल्या आन्नेली नावाच्या बाईंनी तोच डोळा उशीच्या अभ्र्यावर भरला. नाव बरोबर दिलं होतं, पण डोळ्याला लांबलचक पापण्या काढल्या होत्या. त्यांनाही बिल्कीसने अट कळवली. त्यांनी मनापासून माफी मागितली आणि पापण्या तशाच ठेवल्या.

काकांना तिने हे भीतभीत दाखवलं. हॉटेलाचं कार्ड बघून ते म्हणाले, "डोला मागं बघतोय, जेवन पन परत जाल यांचं." उशीकडे मात्र बराच वेळ बघत राहिले.

"मासलीला पापन्या," म्हणाले, आणि हसू लागले.

ज्यांच्यासाठी अट लिहिली होती, त्यांच्यापैकी ती कुणीच पाळली नाही, हे बिल्कीसला लागलं. काकांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात नारळी पौर्णिमा आली. त्या वर्षी काकांनी डॉक्टरचं न ऐकता, धूसर डोळ्यांनी एकच बोट रंगवली, करंजाच्या सोनाबाईची. सोनाबाईचा नवरा गेल्यापासून बोट तिचा मुलगा शिवा चालवत होता आणि बोटीचा चेहरा कधी काकांखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातचा नव्हता. तोच पापलेटचा गोल डोळा, लाल कड, वर निळी भुवई. शेडकार्डांमधला पहिलाच. बाकीच्या बोटी कुंदनकडे सोपवून काका ऑपरेशनला गेले.

ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून काका दुकानात येऊ लागले. दिवाळीच्या थोडं आधी, समुद्रात वादळ उठून गेल्यावर, सोनाबाई करंजाहून एसटीने पनवेलला आली. कोळीवाड्यात गेली, हौसाने तिला दुकानात धाडलं. ती पायरीवरच बसली. अलीभाईंनी खुर्ची पुढे केली, ती नको म्हणाली. पाणी प्यायली.

तिने जे सांगितलं ते असं. करंजाच्या बंदरात आता तिच्या बोटीच्या चेहऱ्याच्या चार बोटी होत्या. एक तिची, तीन कुंदनने रंगवलेल्या. जसाच्या तसा तोच डोळा. पहिल्यांदा फसली तेव्हा बर्फ वाया गेला, दुसऱ्यांदा बायका हसल्या. मग वादळाची सूचना आली. सगळ्या बोटी माघारी वळल्या. ती अंधार पडायच्या आत धक्क्यावर जाऊन बसली. लांबून डोळा दिसला. आला शिवा, म्हणून ती उठली, घरी गेली.

"जेवले," ती म्हणाली. "झोपले पन. तो पलीकडं कुठं जाऊन लागला आसल आसं वाटलं, येल सकाली. सकाली कललं, की आलेली बोट दुसर्‍याची व्हती. शिवा रातभर दर्यात व्हता."

"आला ना पन?" काकांनी विचारलं.

"आला. दुपारला आला. त्याला काय नाय झालं." तिने पाण्याचा पेला पायरीवर ठेवला. "पोरगा वादलात आनि मी झोपले, आनंदा. तुजा डोला बघून झोपले."

एक गिऱ्हाईक पॉलिशपेपर मागत होतं, अलीभाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

काकांनी तिथूनच कुंदनला फोन लावला आणि त्याला जे बोलायचं ते बोलले. इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगितलं, घे पण बदल, तेवढंही तुला जमू नये, असा एकूण सूर होता. कुंदन सगळं ऐकून घेत होता. मग तो जे म्हणाला, ते फोनला कान लावून बसलेल्या बिल्कीसलाही ऐकू आलं.

"मामा, तुमी लिवून दिलंय. बदल करू नये. मी कसा बदलू?"

कुंदनने उरणच्या मोबाइलच्या दुकानात ते पान बघितलं होतं. त्यावरच्या पहिल्याच डोळ्याची, अटीसकट, रंगीत प्रत काढून घेतली होती. मामा आजवर तोंडी सांगत आले ते आपल्या जागी होतं, पण आता मामांनी छापून काढलं होतं, तेही इतक्या शुद्ध भाषेत. मामांनी मन बदललं असणार, असं त्याने धरलं. त्याने चौकोन आखून, पट्टीने मोजून, तीनही बोटींवर तोच डोळा उतरवला. एका मालकाने डोळ्याजवळ झेंडा मागितला, तर कुंदनने त्याला नियम दाखवून गप्प केलं होतं. ज्याला अट माहीतही होणार नाही असं काका म्हणाले होते, त्याने ती जगात एकट्याने पाळली होती.

बिल्कीसने तातडीने संगणक उघडला. परवाना बदलला. बदल करू द्यायचा, हो. आपलं वजनदार वाक्य पुसलं. कुंदनला कळवलं, की आता त्या बोटींना काहीही कर. कुंदन तयार होता. तासाभराने त्याचा फोन आला. मालक तयार नव्हते. पौर्णिमेला पूजा झालेला चेहरा पुढच्या पौर्णिमेपर्यंत पुसत नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे त्यांनी तो छापील कागद लॅमिनेट करून केबिनमध्ये लावला होता. असा इंटरनेटवरचा, अटीसकट आलेला चेहरा बंदरात त्या तिघांखेरीज कुणाकडे नाही, म्हणून तर त्यांनी तो घेतला होता. तो त्यांचा होता.

तेही खरंच होतं. बिल्कीसने परवान्याचा मजकूर पुन्हा शेवटपर्यंत वाचला. पहिल्यांदा तिने तो शेवटपर्यंत वाचला नव्हता, कारण भाषा फार रुक्ष होती. चित्रकाराला आपलं मन बदलता येतं, पण ज्यांनी आधी घेतलं त्यांच्याकडून ते परत घेता येत नाही. दिलं ते दिलं. तिने हे सोनाबाईला मराठीत समजावून सांगितलं.

"म्हंजे तुजंच तुला मिलनार नाय," सोनाबाई काकांना म्हणाली.

"नाय."

"मंग आता रं?"

काकांनी काळा चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"मंग आपलंच बदलू," म्हणाले.

चेहरा पुसता येत नव्हता. पण ज्या हाताने काढला त्या हाताने त्यात भर घालायला रिवाजाची ना नव्हती. भर काय घालायची, तेही काकांनी ठरवलेलं दिसत होतं. त्यांनी बिल्कीसला फिनलंडच्या बाईंची उशी पडद्यावर काढायला लावली आणि शेडकार्डाच्या मागे पापण्या उतरवून घेतल्या. सोनाबाईने मान तिरकी करून पाहिलं.

"ही काय नटी हाय का?"

"लांबून दिसल," काका म्हणाले. "नि मासलीला पापन्या करंजात दुसरा कोन नाय काढनार. सगल्यांना अक्कल हाय."

बिल्कीस मात्र अस्वस्थ होती. उशीवाल्या बाईंना आपणच अट कळवली होती. अट मोडून काढलेल्या पापण्या आता आपणच उचलायच्या, हे कुठल्या परवान्यात बसतं? मूळ चित्रकाराला स्वतःचा परवाना बांधत नाही, एवढं तिला सापडलं. पापण्यांचं काय, ते सापडेना. शेवटी तिने बाईंनाच मेल लिहिली आणि सगळी हकीकत कळवली. उत्तर त्याच दिवशी आलं. बाईंना फार आनंद झाला होता. पापण्या खुशाल घ्या, त्यांनी लिहिलं होतं, फक्त जमल्यास माझं नाव सांगा.

काकांना ही अट एकदम मान्य झाली. करंजाला ते पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, की डोळा माझा, पापण्या आन्नेलीबाईच्या. सोनाबाईला ती बाई करंजाच्याच कुठल्यातरी घरची सून वाटत होती.

काकांना वाकून काम करायला अजून मनाई होती. म्हणून बोट धक्क्याला लागली असताना फळीवर बसून त्यांनी पापण्या काढल्या. कुंदनने डबा धरला. बिल्कीस बघायला गेली होती. नव्या डोळ्यांना सगळं फार लख्ख दिसतंय, अशी काकांची तक्रार होती. कुंदनच्या तिन्ही बोटी शेजारी उभ्या होत्या. त्या काकांनी निरखून पाहिल्या. एका रेषेचाही फरक नव्हता.

"चांगलं काढलंस," ते कुंदनला म्हणाले. आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं.

कुंदनने डब्यातला रंग ढवळला. मग म्हणाला, की या पापण्या बघून दोन मालक आत्ताच विचारून गेलेत. फागुनात एक नवीन बोटही उतरणार आहे. त्यांना पाहिजेत.

"घे," काका म्हणाले. "पन बदल."

कुंदन डबा धरून उभा राहिला.

"लिवून द्या," तो म्हणाला.

काकांनी बिल्कीसकडे पाहिलं. पनवेलला परतल्यावर बिल्कीस संगणकापुढे बसली. बदल करू द्यायचा का? हो. नाही. हो, पण याच अटींवर. तिने तीनही पर्याय पुन्हा पुन्हा वाचले. बदल करायलाच हवा, असा पर्याय नव्हता. सगळ्या जगाचे तज्ज्ञ बसून त्यांनी हे परवाने तयार केले होते आणि करंजाच्या धक्क्यावर लागणारं एवढं एक कलम कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने हो ठेवलं आणि खाली एक वाक्य लिहिलं. 'घे, पण बदल.' यात ताकद नव्हती, शैली नव्हती, आणि अहोजाहोही नव्हतं. अहोजाहो तिने घालून पाहिलं होतं. ते कुंदनला पुन्हा नियमासारखं वाटलं असतं.

नंतर एकदा ती काकांबरोबर करंजाला गेली तेव्हा सोनाबाई धक्क्यावर बसली होती. बोटी परतायची वेळ होती. पाण्यावर काळे ठिपके दिसत होते. बिल्कीसने डोळे बारीक केले, तिला सगळे सारखेच दिसले. काका चष्म्यावर हाताचा आडोसा धरून बघत होते. ते म्हणाले, पापण्या जरा जास्त झाल्यात, पुढच्या वर्षी कमी करू.

सोनाबाईची नजर पाण्यावर होती. आणखी एक ठिपका धक्क्याकडे वळला. ती उठली नाही. त्याच्यामागून दुसरा वळला, अगदी तसाच. तिने टोपलीला हात घातला.

"आता आला," ती म्हणाली, आणि उठली.

बिल्कीसला अजूनही नुसता ठिपका दिसत होता.